पिवळ्या फुलांचे सदाहरित झुडूप: ओळख आणि लागवड

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

नाशिक शहर आणि परिसरातील वाचकांकडून आलेल्या पत्रांपैकी पिवळ्या फुलांच्या शोभिवंत झाडांविषयीची पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. त्यांतील बहुतेकांची अडचण एकाच ठिकाणी सुरू होते. झाडाचे नाव फुलाच्या रंगावरून ठरवले जाते आणि मग खत, छाटणी, पाणी हे सारे त्या चुकीच्या नावाप्रमाणे दिले जाते.

प्रश्न : आम्ही गंगापूर रोड भागात नुकतेच एक जुने बैठे घर घेतले आहे. कुंपणाच्या भिंतीलगत सुमारे दहा फूट उंचीचे, वर्षभर हिरवे राहणारे एक झाड आहे. पाने बोटभर लांब, अगदी अरुंद आणि चकचकीत आहेत. फुले पिवळी, नरसाळ्यासारखी असून पूर्ण उमलल्यासारखी वाटत नाहीत आणि सकाळी झाडाखाली त्यांचा सडा पडलेला असतो. फांदी तोडली की पांढरा चीक येतो. हिरवी, थोडी त्रिकोणी फळे लागली आहेत. शेजारी याला कण्हेर म्हणतात, बागेत येणारे माळीकाका अलामांडा म्हणतात आणि रोपवाटिकेत फोटो दाखवल्यावर टेकोमा असे उत्तर मिळाले. हे नेमके कोणते झाड आहे? बियांपासून आणखी रोपे करून संपूर्ण भिंतीलगत लावावीत, असा विचार आहे. घरात चार वर्षांचा नातू आहे.

उत्तर : आपण फळाचे आणि चिकाचे वर्णन दिलेत म्हणून उत्तर खात्रीने देता येते. आपल्या अंगणातले झाड बिट्टीचे, म्हणजेच पिवळ्या कण्हेरीचे आहे. त्याचे सध्याचे शास्त्रीय नाव कॅस्काबेला थेवेटिया असले तरी रोपवाटिकांच्या पाट्यांवर आणि जुन्या पुस्तकांत थेवेटिया पेरुव्हियाना हेच नाव अजून आढळते. (सोळाव्या शतकात ब्राझीलला जाऊन आलेल्या आंद्रे थेवे या फ्रेंच धर्मोपदेशकाच्या नावावरून ते पडले आहे.) झाड मूळचे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचे असले, तरी आपल्याकडे ते इतके रुळले आहे की शंकराच्या पूजेत त्याच्या फुलांना हक्काचे स्थान मिळाले आहे.

आपल्याला मिळालेल्या तीन नावांपैकी शेजाऱ्यांचे नाव सत्याच्या सर्वांत जवळ आहे, पण तेही अपुरे आहे. नुसती कण्हेर म्हटले की गुलाबी, लाल किंवा पांढऱ्या फुलांची नेरियम ही वेगळी वनस्पती समजली जाते. दोन्हींचे कूळ एकच आहे आणि दोन्ही विषारी आहेत. फरक पाहायचा असेल तर फुलाकडे न पाहता फांदीकडे पाहावे. गुलाबी कण्हेरीची पाने फांदीवर एकाच पेरातून सहसा तीन-तीन निघतात आणि त्या पानांना जाडसर, चामड्यासारखा पोत असतो. बिट्टीची पाने मात्र फांदीभोवती एकामागून एक, फिरत्या जिन्याच्या पायऱ्यांप्रमाणे लागलेली असतात. फळांतही गोंधळ होण्याचे कारण नाही. गुलाबी कण्हेरीला लांब शेंगा येतात आणि त्या उकलल्यावर केसाळ बिया वाऱ्यावर उडतात, तर बिट्टीला आपण वर्णन केल्याप्रमाणे गरदार, मधोमध कंगोरा असलेले हिरवे फळ येते, जे पिकल्यावर काळे पडते आणि ज्याच्या आत अतिशय टणक कोय असते.

माळीकाकांनी सांगितलेला अलामांडा हाही याच कुळातला आहे आणि त्यालाही चीक असतो, त्यामुळे त्यांचा अंदाज अगदीच निराधार नव्हता. तथापि अलामांडाची पाने रुंद, लंबगोल असतात आणि एका पेराशी बहुधा तीन किंवा चार येतात. त्याच्या फांद्या लांब, लवचिक असून आधार मिळाला की त्यावर टेकत वर जातात. फूल मोठे असते आणि त्याच्या पाकळ्या सपाट पसरून पूर्ण उघडतात. बिट्टीच्या पाकळ्या एकमेकींवर पीळ देऊन बसलेल्या असतात, म्हणूनच ती फुले आपल्याला अर्धवट उमललेली वाटली. अलामांडाचे फळ आपल्याकडे क्वचितच धरते, पण धरले तर ते काटेरी आवरणाचे असते.

टेकोमा हे उत्तर मात्र फोटो घाईने पाहून दिलेले असावे. टेकोमा स्टॅन्सचे कूळ वेगळे आहे. त्याच्या फांदीला पांढरा चीक अजिबात येत नाही. पाने समोरासमोर जोडीने येतात आणि प्रत्येक पान कडेने करवतीसारखे दाते असलेल्या अनेक पर्णिकांचे बनलेले असते. फुलांचे घोस फांदीच्या टोकाला लटकतात आणि नंतर चवळीसारख्या लांब, बारीक शेंगांचे झुबके दिसू लागतात. फुले फार जवळून न पाहता केवळ पिवळा रंग आणि घंटेचा आकार लक्षात ठेवला की बिट्टी, अलामांडा आणि टेकोमा ही तिन्ही झाडे एकाच नावाखाली जमा होतात. त्यामुळे कोणाला फोटो दाखवायचा असेल, तर एक फोटो फुलाचा, एक पान फांदीला जिथे जोडलेले असते त्या पेराचा आणि एक फळाचा किंवा शेंगेचा काढावा. फुलाचा एकच फोटो हाती असेल, तर आम्हीदेखील नाव सांगण्याचे टाळतो.

आता आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. बिट्टीची रोपे बियांपासून सहज होतात. काळी पडून गळलेली फळे हातमोजे घालून गोळा करावीत, वरचा गर काढून टाकावा, कोय धुवून रात्रभर पाण्यात भिजवावी आणि पिशवीत माती, वाळू व कुजलेले शेणखत यांच्या मिश्रणात बोटाच्या एका पेराइतकी खोल लावावी. कोय फोडून आतल्या बिया काढण्याच्या फंदात पडू नये, कारण विषाचे प्रमाण तेथेच सर्वाधिक असते आणि उगवणीसाठी त्याची गरजही नसते. कोंब यायला काही आठवडे लागतात, त्यामुळे पंधरा दिवसांत काही दिसले नाही म्हणून पिशव्या रिकाम्या करू नयेत. पावसाळ्याच्या तोंडावर लावलेल्या रोपांना साधारण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फुले येतात. जागा भरपूर उन्हाची असावी. गंगापूर रोडलगतच्या बऱ्याच भूखंडांवर वरची माती काळी आणि खाली मुरूम असा थर सापडतो. असे असेल तर पाण्याचा निचरा आपोआप होतो. नुसतीच खोल काळी माती असेल, तर खड्ड्यात तळाशी मुरमाचा थर द्यावा, कारण हे झाड पाण्याचा ताण सोसते, पण पाणी साचलेले त्याला सोसत नाही. मुळे जमिनीत शिरल्यानंतर खताचे फारसे लाड करण्याची गरज नसते.

हे सारे सांगितले, तरी आपल्या परिस्थितीत संपूर्ण भिंतीलगत बिट्टी लावू नये, असेच आमचे स्पष्ट मत आहे. या झाडाचा प्रत्येक भाग विषारी आहे आणि बिया सर्वांत अधिक. त्यांतील थेवेटिन आणि तत्सम घटक हृदयाच्या ठोक्यांवर थेट परिणाम करतात. डिजिटॅलिस या औषधी वनस्पतीतील द्रव्यांच्या गटातलीच ही द्रव्ये आहेत. सुरुवातीला उलट्या, पोटदुखी, जुलाब, चक्कर अशी लक्षणे दिसतात आणि त्यानंतर नाडी मंदावते किंवा अनियमित होते. जुन्या पिढीतील अनेकांनी बिट्टीच्या कोयांनी खेळ मांडलेले आहेत आणि त्यामुळे ‘आम्ही तर लहानपणी खेळलो, काही झाले नाही’ असे हमखास ऐकायला मिळते. कोय न फोडता खेळणे आणि ती फोडून आतली बी तोंडात घालणे यांत मोठा फरक आहे आणि चार वर्षांच्या मुलाकडून तो फरक पाळला जाईल, अशी अपेक्षा धरता येत नाही.

सध्याचे झाड तोडावे की ठेवावे, हा निर्णय आपला आहे. ठेवायचे असेल तर फळे हिरवी असतानाच काढून टाकावीत, खाली पडलेली रोज वेचावीत आणि नातू अंगणात एकटा खेळणार नाही याची काळजी घ्यावी. झाडाचा कोणताही भाग पोटात गेल्याची शंका आली, तर लक्षणांची वाट पाहू नये, घरी उलटी करवण्याचा प्रयत्न करू नये, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावून किंवा स्वतःच्या वाहनाने मूल थेट रुग्णालयात न्यावे आणि झाडाची एक डहाळी व फळ पिशवीत घालून सोबत न्यावे, म्हणजे डॉक्टरांचा ओळखीत वेळ जात नाही. मूल वरकरणी बरे दिसत असले तरी हृदयाच्या आलेखावर लक्ष ठेवण्यासाठी डॉक्टर त्याला थांबवून घेतात, कारण परिणाम उशिरानेही दिसू शकतो. छाटणी करताना चीक डोळ्यांत गेल्यास वाहत्या स्वच्छ पाण्याने पंधरा मिनिटे डोळे धुवून डॉक्टरांना दाखवावे. छाटलेल्या फांद्या वाळल्या तरी विषारीच राहतात, म्हणून त्या गाई-शेळ्यांच्या वाटेत टाकू नयेत आणि शेकोटीत किंवा चुलीत जाळूही नयेत.

भिंतीलगत पिवळा रंगच हवा असेल तर टेकोमा लावावा किंवा पुढे एका उत्तरात आलेला गल्फिमिया लावावा.

प्रश्न : आम्ही पंचवटीत राहतो. घरातील ज्येष्ठ मंडळी दररोज पिवळ्या कण्हेरीची फुले महादेवाला वाहतात. ही प्रथा बंद करावी का?

उत्तर : बंद करण्याचे कारण नाही. फुले वाहिल्यानंतर हात साबणाने धुवावेत, एवढी सवय पुरे आहे. काळजी घ्यायची ती दुसऱ्याच ठिकाणी. अभिषेकाच्या पाण्यात किंवा पंचामृतात ही फुले पडलेली असतील, तर ते तीर्थ म्हणून प्राशन करू नये. तीर्थासाठीचे भांडे वेगळे ठेवावे, त्यात तुळस किंवा बेल घालावा आणि बिट्टीची फुले पिंडीवर वाहण्यापुरतीच वापरावीत. प्रसादाच्या ताटात सजावटीसाठी ही फुले ठेवण्याची पद्धतही टाळावी. निर्माल्य गाईपुढे ठेवण्याचा प्रघात आपल्या घरी असल्यास त्यातून ही फुले वेगळी काढून मातीत पुरावीत.

प्रश्न : आमची सिडकोत गच्चीवर बाग आहे. दोन वर्षांपूर्वी कुंडीत अलामांडाचा वेल लावला. पहिल्या वर्षी फुले उत्तम आली. या वर्षी मात्र शेंड्याकडची नवी पाने पिवळी पडतात, त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या राहतात आणि फुलांचे प्रमाण अगदीच घटले आहे. दर महिन्याला शेणखत आणि युरिया देतो. पाणी सोसायटीच्या बोअरचे आहे.

उत्तर : पत्रात दिलेल्या लक्षणांत आपल्या प्रश्नाचे उत्तर बरेचसे आलेले आहे. जुनी पाने पिवळी पडत असतील तर नत्राची कमतरता, पाणी साचणे किंवा हिवाळ्यातील स्वाभाविक पानगळ यांचा विचार करावा लागतो. नवीन पानांचा फक्त शिरांमधला भाग पिवळा आणि शिरा हिरव्या, हे लोहाच्या कमतरतेचे लक्षण आहे. ही कमतरता कुंडीत लोह नसल्यामुळेच होते असे नाही. बोअरच्या जड पाण्यातील क्षार कुंडीत साठत गेले की माती विम्ल, म्हणजे अल्कधर्मी होते आणि त्या मातीत असलेले लोहही मुळांना घेता येत नाही. चुनखडीच्या जमिनीत द्राक्षाचे किंवा मोसंबीचे शेंडे पिवळे पडतात तो प्रकार आणि हा प्रकार एकच आहे. अलामांडाला किंचित आम्ल माती मानवते, त्यामुळे त्याच्यावर परिणाम लवकर दिसतो, तर त्याच पाण्यावर शेजारच्या कुंडीतली बोगनवेल मजेत असते.

प्रथम कुंडीच्या काठावर आणि तळाच्या छिद्रापाशी पांढरा थर जमला आहे का, ते पाहावे. जमला असेल तर नळाचे किंवा साठवलेले पावसाचे पाणी कुंडीतून दोन-तीन वेळा भरपूर वाहू द्यावे, म्हणजे साठलेले क्षार धुऊन निघतात. त्यानंतर एक लिटर पाण्यात दोन ग्रॅम फेरस सल्फेट आणि थोडा लिंबाचा रस मिसळून संध्याकाळी पानांवर फवारावे. दहा दिवसांनी पुन्हा एकदा फवारावे. हा उपाय तात्पुरता असतो. मातीतून द्यायचे असेल तर विम्ल मातीतही टिकणारे, इडीडीएचए प्रकारचे चिलेटेड लोह घ्यावे. कृषी सेवा केंद्रांत ते द्राक्ष बागायतदारांसाठी ठेवलेले असते. मात्रा पुडीवर दिलेल्यापेक्षा वाढवू नये. जी पाने आधीच पूर्ण पिवळी झाली आहेत ती पुन्हा हिरवीगार होतीलच असे नाही, म्हणून फरक नवीन फुटीवर पाहावा.

फुले कमी होण्यामागे लोहाखेरीज युरियाचाही हात आहे. नत्र भरपूर मिळाले की वेल पाने आणि लांबच लांब फांद्या काढत बसतो. युरिया पूर्ण थांबवावा. फेब्रुवारी ते सप्टेंबर या काळात महिन्यातून एकदा मूठभर कुजलेले शेणखत व चमचाभर निंबोळी पेंड द्यावी. वेलाला कळ्या धरू लागल्या की पंधरा दिवसांतून एकदा, एक लिटर पाण्यात एक ग्रॅम या प्रमाणात ०:०:५० हे पालाशयुक्त खत द्यावे. कुंडी निदान चौदा इंचांची असावी आणि तिच्यावर दिवसाचे पाच-सहा तास थेट ऊन पडावे. दोन वर्षे एकाच कुंडीत असलेल्या वेलाची मुळे गोलाकार गुंडाळली गेलेली असतात. जूनमध्ये तो बाहेर काढून, बाहेरची मुळे थोडी कापून, दोन भाग पोयटा माती किंवा लाल माती, एक भाग शेणखत आणि एक भाग जाड वाळू किंवा कोकोपीट अशा नव्या मिश्रणात पुन्हा लावावा.

त्याच वेळी छाटलेल्या फांद्यांपासून नवी रोपे करता येतात. फार कोवळी नाही आणि फार जून नाही, अशी पेन्सिलीइतक्या जाडीची, वीतभर लांबीची फांदी घ्यावी, खालची पाने काढावीत, कापलेले टोक चीक थांबेपर्यंत पाण्यात धरावे आणि मग वाळू-कोकोपीटच्या मिश्रणात सावलीत लावावे. पावसाळ्यातल्या दमट हवेत मुळे लवकर फुटतात. अलामांडाच्या चिकाने काहींच्या त्वचेला खाज येते आणि वनस्पतीचा भाग पोटात गेला तर जोरदार जुलाब होतात. मराठीत याला जहरी सोनटक्का असेही नाव आहे. अर्थात, सुगंधी सोनटक्क्याशी याचा काही संबंध नाही. बिट्टीइतका धोका येथे नसला तरी हातमोजे घालावेतच.

प्रश्न : पिंपळगाव बसवंतजवळ आमची द्राक्षबाग आहे. घराच्या फाटकावर कमान करून अलामांडा चढवला आहे. ऑक्टोबरमध्ये बागेची छाटणी करताना त्याच मजुरांकडून हा वेलही छाटून घेतो. गेली काही वर्षे त्याला दिवाळीपासून थेट उन्हाळ्यापर्यंत फूल दिसत नाही. फूट लवकर यावी म्हणून द्राक्षाच्या डोळ्यांना लावतो ती पेस्ट यालाही लावावी का? याच्यावरचा मिलीबग बागेत जाईल का?

उत्तर : पेस्ट अजिबात लावू नये. हायड्रोजन सायनामाइड हे तीव्र रसायन द्राक्षाचे डोळे एकसारखे फुटावेत म्हणून विशिष्ट वेळी वापरले जाते. पाने असलेल्या सदाहरित वेलावर त्याने पाने आणि कोवळ्या फांद्या करपतील, फुले येणार नाहीत.

आपल्या वेलाची अडचण छाटणीच्या वेळेत आहे आणि द्राक्षाशी तुलना केली की ती स्पष्ट होते. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर वाढलेल्या काडीवरील डोळ्यांत सूक्ष्म घडनिर्मिती आधीच झालेली असते. ऑक्टोबरची छाटणी त्या तयार घडांना बाहेर पडण्याची संधी देते. अलामांडात असे काहीही साठवलेले नसते. त्याच्या कळ्या चालू वाढीच्या, ताज्या फुटीच्या टोकाकडे तयार होतात आणि त्या फुटीला ऊब लागते. आपण ऑक्टोबरमध्ये फुलणारी टोके काढून टाकता आणि नवी फूट वाढीला लागते न लागते तोच निफाड तालुक्यातली थंडी पडते. ज्या थंडीत घड वाचवण्यासाठी आपण पहाटे बागेत शेकोट्या पेटवता, त्या थंडीत उष्ण प्रदेशातून आलेला हा वेल वाढ थांबवून बसणारच. मग उन्हाळा सुरू झाल्यावर तो पुन्हा जागा होतो.

म्हणून ऑक्टोबरमध्ये फक्त वाळलेल्या आणि वाटेत येणाऱ्या फांद्या काढाव्यात. मुख्य छाटणी थंडी ओसरल्यावर, फेब्रुवारीच्या उत्तरार्धात, महाशिवरात्रीच्या सुमारास करावी. नेमकी तेव्हाच द्राक्षकाढणीची घाई असते हे आम्ही जाणतो, पण एका कमानीच्या वेलाला अर्ध्या दिवसापेक्षा अधिक वेळ लागत नाही. जुन्या फांद्या निम्म्याने किंवा त्याहूनही अधिक कापल्या तरी वेल सहन करतो. छाटणीनंतर आळे मोकळे करून शेणखत द्यावे आणि पाणी सुरू करावे. एप्रिलपासून फुले सुरू होऊन पावसाळाभर टिकावीत आणि पुढची थंडी सौम्य असेल तर डिसेंबरपर्यंतही काही फुले दिसावीत.

मिलीबगविषयीची आपली शंका रास्त आहे. द्राक्षावर येणारा पिठ्या ढेकूण अनेक शोभेच्या झाडांवर राहतो आणि त्याचे विशेष आवडते ठिकाण म्हणजे जास्वंद. फाटकाजवळ जास्वंद असेल तर आधी तिची पाने आणि शेंडे उलटून पाहावेत. अलामांडावर पांढरे पुंजके दिसले तर तेवढ्या डहाळ्या कापून पिशवीत बंद करून नष्ट कराव्यात, खोडावर चढणाऱ्या मुंग्यांचा बंदोबस्त करावा आणि उरलेल्या भागावर निंबोळी अर्काची फवारणी करावी. मुंग्या या किडीला एका जागेवरून दुसरीकडे नेतात आणि तिच्या शत्रूकीटकांना जवळ येऊ देत नाहीत, त्यामुळे मुंग्या राहू देऊन केवळ फवारणी करणे निष्फळ ठरते.

प्रश्न : सिन्नर तालुक्यात आमचे शेतघर आहे. पाणी कमी असल्यामुळे बांधावर टेकोमा लावला. तो उत्तम वाढला आणि फुलेही खूप येतात, परंतु आता बांधाखाली, नालीत आणि शेजाऱ्यांच्या पडीक जमिनीवरही त्याची रोपे उगवली आहेत. काय करावे?

उत्तर : टेकोमाच्या शेंगेत कागदासारखे पातळ पंख असलेल्या अनेक बिया असतात आणि सिन्नरच्या वाऱ्यावर त्या कोठवर जातील हे सांगता येत नाही. दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियात या झाडाची गणना उपद्रवी वनस्पतींत होते. शहरातील बंदिस्त आवारात, रस्त्याच्या दुभाजकात किंवा गच्चीवरील कुंडीत टेकोमा ठीक आहे. मोकळ्या शेतशिवारात मात्र तो लावताना विचार करावा लागतो. असलेली झाडे ठेवायची असतील तर फुलांचा बहर ओसरताच, शेंगा हिरव्या असताना फांद्यांची टोके छाटून टाकावीत. त्यामुळे बिया पसरणार नाहीत आणि नवीन फुटीवर पुन्हा फुलेही येतील. उगवलेली रोपे पहिल्या पावसानंतर माती ओली असताना मुळासकट उपटावीत. मोठी झाल्यावर ती नुसती कापली तर बुंध्यातून पुन्हा फुटतात.

नवीन लावायचेच असेल तर आमची शिफारस तरवडाची आहे. सिन्नर-येवला भागातल्या माळरानांवर आपण तो पाहिलेला असेलच, पण बांधावर मुद्दाम लावण्याजोगे शोभेचे झुडूप म्हणून त्याकडे फारसे कोणी पाहत नाही. सदाहरित, पुरुष-दीड पुरुष उंचीचे, गडद पिवळ्या फुलांच्या घोसांनी भरणारे, मुरमाड जमिनीत वाढणारे आणि जम बसल्यावर पाणी न मागणारे हे आपले देशी झुडूप आहे. शेजारच्या तेलंगणाने त्याला राज्यफुलाचा मान दिला आहे. त्याच्या सालीचा उपयोग कातडी कमावण्यासाठी पूर्वापार होत आला आहे. जनावरे त्याला सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून कुंपण घालण्याचा खर्च वाचतो. तरवडाची रोपे उपटून दुसरीकडे लावली तर बहुधा दगावतात, म्हणून वाळलेल्या शेंगांतून बिया काढून, त्या रात्रभर कोमट पाण्यात भिजवून, पावसाच्या सुरुवातीला थेट बांधावरच टोकाव्यात.

प्रश्न : देवळाली कॅम्प येथील एका बंगल्याच्या दारात कमरेइतके उंच, गोलसर झुडूप पाहिले. लहान, चांदणीसारखी पिवळी फुले, लालसर काड्या, पाने जोडीने. रोपवाटिकेत बिट्टीची ठेंगणी जात असल्याचे सांगितले गेले.

उत्तर : बिट्टी नव्हे. कोवळ्या काड्यांचा लालसर रंग, समोरासमोर येणारी पाने आणि एकमेकींपासून सुट्या असलेल्या पाच पाकळ्या यांवरून हा गल्फिमिया आहे. बाजारात तो थ्रायलिस या नावानेही विकला जातो. मेक्सिकोतून आलेले हे झुडूप नाशिकच्या हवेत वर्षातील बहुतेक काळ फुलत राहते आणि छाटून चांगला आकार देता येतो, मात्र दर पंधरवड्याला कात्री चालवली तर कळ्यांची टोकेच जातात. पूर्ण ऊन, निचऱ्याची माती आणि वर्षातून एकदा, फेब्रुवारीत केलेली छाटणी एवढे त्याला पुरते. कुंपणासाठी लावायचे असल्यास दोन रोपांत अडीच फुटांचे अंतर ठेवावे. रोप घेताना पाटीवरचे नाव न पाहता पेरापाशी जोडीने आलेली पाने आणि लालसर काडी पाहून निवडावे.